एका दिवसात अख्खी मुंबई

शहापूर-मुरबाडकडच्या घरात मुंबई बघायला जायचं ठरलं की चार माणसांची गोष्ट चारांवर थांबत नाही, सोळांवर जाते. मुरबाडच्या आत्याला कळवल्याशिवाय निघणं बरं दिसत नाही. आत्या म्हणते, जाऊबाईंना मागे ठेवून मी कशी येऊ? जाऊबाईंची पोरं सुट्टीला घरीच असतात. आजी आधी नको नको म्हणते आणि निघायच्या आदल्या रात्री पातळ काढून ठेवते. घरातला एखादा शिकलेला भाचा डोंबिवलीहून मोबाईलवर तक्ता पाठवतो: पहिला दिवस राणीबाग, दुसरा फोर्ट आणि गेटवे, तिसरा घारापुरी, माणसं पाचच्या वर नकोत, मुक्काम लॉजवर, जेवण हॉटेलात. तक्त्यात चूक काढायला जागा नसते. मंडळी तो शांतपणे ऐकून घेतात आणि ठरवतात, सगळं एकाच दिवसात बघायचं, सगळ्यांनी मिळून, येत्या रविवारी.

याला जग मूर्खपणा म्हणतं. मला तो या दोन तालुक्यांतला मोठा गुण वाटतो.

भाच्याच्या तक्त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे एका ओळीत तीन मोकळे दिवस. ते भातवाल्या घरात आणायचे कुठून? जून पेरणीचा, जुलै लावणीचा. मग गणपती. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, तिच्यामागे झोडणी, पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा, आणि जत्रा उरकली की लग्नं. दारात एक जरी म्हैस असली तरी सकाळ-संध्याकाळ कोणीतरी धारेला लागतं. शेजारी एक दिवस धार काढून देतो, तीन दिवस देत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून नीट आखलेल्या सहली पुढच्या मे महिन्यावर जातात, तिथून त्याच्या पुढच्या. एका दिवसात अख्खी मुंबई उरकायला निघालेले वेडे मात्र मुंबई बघून येतात.

शहापूरजवळच्या आसनगावला रेल्वे 1860 साली आली. पुढच्या वर्षी ती कसाऱ्याला पोचली. शहापूरकरांचं त्यामुळे बरं आहे, पहाटेची लोकल धरली की दोनेक तासांत मुंबई. मुरबाडला रेल्वे अजून यायची आहे. तिथली माणसं एसटीनं कल्याणला येतात. तेव्हा भेट कल्याणच्या फलाटावर ठरते. खरं तर आसनगावकरांनी सरळ कल्याण गाठावं, पण वाटेत टिटवाळा लागतो. शुभकार्याला निघताना महागणपतीच्या दारावरून तसंच पुढे कसं जायचं, असं आजी विचारते. सगळे उतरतात, रिक्षा करतात, दर्शन घेतात, आणि हातातली लोकल जाते. तासभर मोडतो. तो वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण दिवसभरात आजीनं स्वतः मागितलेली ही पहिली गोष्ट असते आणि ती सगळ्यांनी ऐकलेली असते.

कल्याणच्या फलाटावरची गाठभेट एकदा लांबून बघावी. इंडिकेटरखाली थांबा असं फोनवर सांगितलेलं असतं आणि इंडिकेटर फलाटाच्या दोन्ही टोकांना असतात. शेवटी आत्या दिसते. ती आधी कोणाशी बोलत नाही. पोरांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवत मोजत जाते, मोजून झालं की तोच हात आजीच्या पायाला लावते. मग पिशव्यांची वाटणी होते. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये चढतात, आणि भायखळा येईपर्यंत खिडकीच्या जाळीतून ‘उतरायचं का?’ असं प्रत्येक स्टेशनात विचारणं चालतं.

राणीबागेत पोरं पेंग्विनच्या रांगेत उभी राहतात. ते 2017 पासून लोकांना बघायला मिळतात आणि रांग अजून हटत नाही. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे मोठी माणसं मात्र रेंगाळत नाहीत, तानसा अभयारण्याच्या कडेला घर असलेल्यांना त्याची फार ओढ नसते. आजी झाडं बघते. एकोणिसाव्या शतकात ही बाग झाडांसाठीच लावली गेली, हे येणाऱ्या गर्दीच्या ध्यानात नसतं. आजीला ते कोणी सांगितलेलं नसतं, तरी ती पान चुरगळून वास घेते आणि आपल्याकडे हे कुठल्या पाड्यावर आहे ते सांगते. तक्त्यात या झाडांना वेळ दिलेला नव्हता.

दुपार होते ती मलबार हिलवर. म्हातारीच्या बुटात पोरांचा धुडगूस चालू असतो, आणि समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये सावली बघून फडकं सोडलं जातं. तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी, आणि वेगळ्या डब्यात आत्यानं बांधून आणलेली सुकट. डबा उघडला की बाकावरची दोन माणसं उठून जातात. जाऊ देत. हॉटेलात बिलाकडे बघत खाल्लं जातं, इथं पोटभर.

ही बाग एका मोठ्या जलाशयाच्या छपरावर आहे. त्यावर माती टाकून 1881 च्या सुमाराला ती केली. मुंबई आज जे पाणी पिते त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं, आणि भातसा शहापूर तालुक्यात. तानसाही शहापूरचा, 1892 सालचा. मोडकसागरही तिकडचाच. धरणं शहापुरात, जलवाहिन्या शहापुरातून, आणि एप्रिल लागला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे ओळीनं लागतात. मुंबईला पाणी मिळू नये असं भातसाकाठचं कोणी म्हणत नाही. पण हंडा घेऊन अर्धा कोस चालणाऱ्या बाईनं या हिरवळीवर एक दुपार पाय पसरून बसावं, सुकटीचा वास सगळ्या बागेत जाऊ द्यावा, हे मला फार योग्य वाटतं. यासाठी सोळा माणसं आणली तरी कमीच आहेत.

दिवस कलला की काहीतरी गाळावं लागतं. तक्ता पाठवणारा भाचा सांगतो, मंत्रालय गाळा, ती काही बघायची जागा नाही, शिवाय रविवारी बंद. त्याचं बरोबर आहे, तिथं तिकीट नाही आणि पासाशिवाय आत सोडत नाहीत. तरी आजीला तेच बघायचं असतं. गेली कितीतरी वर्षं ती मतदानाला पायी जाते. दाखला, अनुदान, टँकर, जमीन, कशाचीही चौकशी केली की ‘फाइल वर गेली आहे’ एवढंच ऐकते. ते वर म्हणजे कुठे, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. समोरच्या फुटपाथवर सगळी उभी राहतात. ती मजले मोजते. कितव्या मजल्यावर पाण्याचं बघतात, असं नातवाला विचारते. त्याला ते सांगता येत नाही.

भाच्यानं तक्त्यात एवढी एक दुरुस्ती करावी. वस्तुसंग्रहालय पुढच्या खेपेला ठेवलं तरी चालेल, गेटवेपुढचा फोटो घाईत काढला तरी चालेल, चौपाटीची भेळ उभ्यानं खाल्ली तरी चालेल. मंत्रालयाला वेळ ठेवावा, आणि जमलं तर पुढच्या वेळी रविवार सोडून कामाचा वार धरावा. ओळखपत्र दाखवून पास काढावा आणि आजीला पाणीपुरवठा मंत्र्यांच्या दारापर्यंत न्यावं. सोबत सोळाच्या सोळा जणांनी जावं.