चोवीसचं जनावर

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात नऊ बैलजोड्या घेतल्या आणि एकाही जोडीत ते फसले नाहीत. मी गाडी एकच घेतली.

ती दारात येऊन उभी राहिली त्या दिवशी अण्णा कंधारहून नांदेडला आलेले होते. धोतराचा सोगा खोचून त्यांनी गाडीभोवती एक पुरी फेरी मारली. पुढच्या चाकाला काठीनं ठोसून पाहिलं, मागं जाऊन सायलेन्सरात डोकावले, बॉनेटवर थाप मारली. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "बाबू, हिचे दात कुठं पाहायचे?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. लाल कंधारी घ्या नाहीतर लातूरकडची देवणी, जनावराचं वय त्याच्या तोंडात असतं. दुधाचे पडून पक्के दोन आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळला. माळेगावच्या यात्रेत हेडी खंडोबाच्या कितीही शपथा घेवो, ओठ वर केला की निकाल लागतो. म्हणून तर हेडी म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासतात, वर तेल चोळून चमकवतात. अशा लोकांबद्दल अण्णा जे शब्द वापरतात ते छापण्यासारखे नाहीत.

मी त्यांना मीटर दाखवलं. बासष्ट हजार किलोमीटर.

"हे कोण लिहितं?"

"कोणी नाही. गाडी चालली की आपोआप पडतं."

"म्हंजे जनावर सोताचं वय सोताच सांगायलंय," अण्णा म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. नऊ वर्षं जुन्या आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला गाठलेल्या गाडीत कंपनीचा दोष काढणं बरं नव्हे. पांढरी, उंच, सात माणसं बसणारी, डिझेल, 2014चं मॉडेल, पासिंग एमएच-24 म्हणजे लातूर. आम्ही नांदेडकर सव्वीस. सव्वीसच्या गल्लीत चोवीसची गाडी उभी राहिली की शेजारी तिच्याकडे नव्या सुनेसारखं बघतात. दिसायला बरी आहे, पण तिकडच्या सवयी काय असतील कोण जाणे.

आणि उंच गाडीच का? कारण आमच्याकडे लग्नाला छोटी गाडी घेऊन गेलं की मंगल कार्यालयाचा वॉचमन तिला मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या भट्टीशेजारी लावायला सांगतो. उंच पांढरी गाडी दिसली की तोच वॉचमन शिट्टी वाजवत खुर्च्या बाजूला करतो. आत कोण बसलंय हे तो पाहतच नाही. या शिट्टीसाठी मी पाच लाख साठ हजार मोजले.

सौदा माझ्या मेव्हण्यानं जुळवला. तो लातूरचा. "दाजी, काय इचार करू लालाव? गाडी मक्खन हाय. डॉक्टरची हाय, सिंगल हँड." लातुरात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. शहरात दवाखाने पुष्कळ आहेत हे मान्य, पण या हिशेबानं एका खाटेमागे दोन डॉक्टर पडतील. मी इसार दिला. लातूरच्या आरटीओची ना हरकत म्हणजे फॉर्म 28, मग 29, मग 30, यात महिना गेला. या महिन्यात मी फॉर्म वाचत बसलो, गाडी वाचली नाही.

आणायला गेलो तेव्हा बायको बरोबर होती. मोतिया रंगाची साडी. चाकूर मागं टाकलं, ऊन लागायला लागलं तशी ती म्हणाली, "अहो, एसी जरा वाढवा की." मी बटण शेवटच्या घरापर्यंत फिरवलं. आधी नुसती घरघर आली. मग चारही जाळ्यांतून एकदम भस्सकन गुलाल उडाला. साडी, माझा चष्मा, मागच्या सीटवरचा पेढ्यांचा पुडा, सगळं गुलाबी. आम्ही तसेच अहमदपूरच्या अलीकडे पंपावर थांबलो. डिझेल भरणाऱ्या पोरानं आम्हाला पाहिलं, हात जोडले आणि मोठ्या आदरानं विचारलं, "कोण आलं, सायेब?"

आमचे डॉक्टर निवडणुकीच्या मिरवणुकांत फिरत होते एवढं त्या दिवशी कळलं. पुढे सीटखालून बिल्ले निघाले, डिकीतून झेंड्याची काठी निघाली. माझं समाधान एवढंच की गुलाल होता, म्हणजे गाडी निदान निवडून आलेल्या बाजूची होती. एसी साफ करायला एकोणीसशे रुपये गेले. तो मी विजयाचा खर्च धरला.

आठवड्याभरात पुढून कट्-कट् आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकर आला की दोनदा, खड्डा आला की तीनदा. टेप मोठा केला की आवाज बंद व्हायचा, म्हणून पंधरा दिवस मी भक्तिगीतांवर काढले. शेवटी बायकोच म्हणाली की देवाचं नाव घेताना मधून मधून हाडं मोडल्यासारखं ऐकू येतं, ते दाखवून घ्या.

देगलूर नाक्याकडच्या एका गॅरेजात मी उस्तादांना शरण गेलो. उस्तादांचं वय सत्तरीचं. लांब पेचकसाचं टोक ते इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. पोरगा त्यांचाच, पण तो स्कॅनरवाला. तो डॅशबोर्डाखाली वायर खुपसून मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी आकडे वाचतो. बाप म्हणतो इंजिन बोलतं, पोरगा म्हणतो सेन्सर बोलतो. मधल्या मधे गिऱ्हाईक गप्प असतं.

आवाज बुशचा निघाला. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या टोकांना रबराचे बुश असतात. आमच्या रस्त्यांवर ते माणसाच्या गुडघ्याआधी झिजतात. बुश गेले म्हणून बॉल जॉइंट सैल, तो सैल म्हणून लिंक रॉड खडखडतोय, आणि शॉकअप तर तेल टाकून केव्हाच मोकळे झालेले. अठरा हजार चारशे. रबरासाठी एवढे पैसे मी दिले यावर अण्णांचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर गॅरेजात आले.

तिथं जे झालं ते मला विसरता येत नाही. अण्णांनी उस्तादांना सरळ विचारलं, "उस्ताद, या गाडीला दात हाईत का?"

उस्ताद हसले नाहीत. "हैं ना अण्णा, आओ." त्यांनी अण्णांना डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसवलं, बोटानं चिखल पुसला आणि टायरच्या कडेला कोरलेले चार आकडे दाखवले. 1117. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे 2017 सालचा अकरावा आठवडा. मेव्हण्यानं ज्यांना 'परवाच टाकलेले' म्हटलं होतं ते टायर सहा वर्षांचे होते. मग उस्तादांनी काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा दाखवल्या. सगळ्या काचा चौदाच्या, एकट्या डाव्या दाराची अठराची. "इस बाजू से ठोकी है." मग ब्रेकचं पॅडल. त्याचं रबर इतकं गुळगुळीत होतं की अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बासष्ट हजारात पायरीचा दगड झिजत नसतो, रबर झिजलंय. दीड लाखाच्या खाली नाही ही."

नऊ जोड्यांचा माणूस पाच मिनिटांत दहाव्या विद्येत तयार झाला. तेव्हापासून गल्लीतल्या कुठल्याही गाडीच्या चाकाशी अण्णा वाकलेले दिसायचे आणि संध्याकाळी एकेकाच्या गाडीचं खरं वय मला सांगायचे. आमचे दोन शेजारी यामुळे बोलेनासे झाले. टायर मात्र मी बदलले नाहीत. चौघांचे तेहतीस हजार होत होते आणि मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

मग धूर. धुराचं शास्त्र अण्णांना सगळ्यात लवकर कळलं, कारण शेणाचा रंग आणि पोत पाहून जनावराचं पोट ओळखणाऱ्याला त्यात शिकण्यासारखं थोडंच असतं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, पांढरा राहिला तर पाणी आत शिरलं असेल, निळसर म्हणजे गाडी ऑइल पितेय. आमची सकाळी काळा सोडायची आणि दुपारी निळा. उस्तादांनी चारही इंजेक्टरांना नळ्या लावल्या, चार बाटल्या टांगल्या आणि इंजिन चालू केलं. ज्याची बाटली भराभर भरते तो इंजेक्टर आतून गळका. बाटल्या टांगलेली, नळ्या लावलेली गाडी पाहून मला पहिल्यांदाच पटलं की ही डॉक्टरची असावी. दोन इंजेक्टर गेलेले निघाले, हैदराबादहून दुरुस्त करून आणले, बारा हजार.

निळा धूर टर्बोचा. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्याच्या बेअरिंगला इंजिनाचं ऑइल लागतं. लांबून दामटत आणलेली गाडी दारात आल्या आल्या बंद केली की ऑइल थांबतं, पातं फिरतच राहतं, उरलेलं ऑइल जळून जातं. मिरवणुकीतल्या ड्रायव्हरांना एवढं कोण सांगणार? एकोणीस हजार. उस्ताद म्हणाले, लांबून आल्यावर मिनिटभर गाडी तशीच चालू राहू द्या. अण्णा म्हणाले, "बैल सोडल्याबरोबर पाणी दाखवत नसतेत, तेच की." तेव्हापासून मी घरी पोचलो की इंजिन चालू ठेवून आत गप्प बसतो. समोरच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं, "भांडण झालंय का गं? भाऊजी घरात यायला भ्यायलेत वाटतं."

पाण्याचं निराळंच. लातूरला पाण्याची गोष्ट काढू नये, तिथं 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जलदूत एक्सप्रेस म्हणायचे तिला. आमच्या गाडीत कोणीतरी कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं होतं. रेडिएटरात क्षार बसून नळ्या तुंबल्या, एक फुटली. नवा टाकेपर्यंत (सात हजार आठशे) डिकीत मी पाच लिटरचा कॅन ठेवायचो. मुलानं त्यावर मार्करनं 'जलदूत' लिहिलं.

पण मानहानी म्हणाल तर ती गंजगोलाईची. सासुरवाडीला निघालो होतो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मी बरोबर त्यांच्या तोंडाशी होतो. गिअर पडत होता, इंजिन बोंबलत होतं, गाडी जागची हलत नव्हती. जळकी घाण. क्लच प्लेट. सोळा रस्त्यांवरून सोळा जाणकार आले. एक म्हणाला पंप मारा, एक म्हणाला थंड होऊ द्या, एका भाजीवालीनं नंबर पाहून विचारलं, "चोवीसचीच हाय की, मग अशी का करू लाली?" मला सगळ्यात जिव्हारी लागला तो तिचा सूर. जणू गाडी नांदेडात राहून बिघडली. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "बैल बसला तर शेपूट पिरगाळता येतं. हिचं काय पिरगाळावं?" प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग धरून साडेसोळा हजार, आणि मेव्हण्याच्या टमटमला दोरी बांधून औसा रोडपर्यंत वरात.

बायको या सगळ्याचा हिशेब एका डायरीत लिहायची. पोरग्यानं स्कॅनरवर सांगितलेल्या सेन्सरचे चोवीसशे धरून चौदा महिन्यांत अठ्ठ्याहत्तर हजार. सुरुवातीला मी दर बिलाला म्हणायचो, "तुझ्या माहेरची गाडी." मग तिनं पानाच्या डोक्यावर लिहून ठेवलं, 'जावयाची हौस', आणि बोलणं मिटलं. शिवाय 2029ला पंधरा वर्षं पुरी झाली की पुन्हा नोंदणी. त्याची फी पूर्वी सहाशे होती, 2022पासून पाच हजार. गाडी विकायची ठरली.

मेव्हण्यानंच गिऱ्हाईक आणलं, परभणीचं. बावीसवाले. ते यायच्या सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा मेव्हणा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "गाडी मक्खन हाय. प्रोफेसरची हाय. घर ते कॉलेज, कॉलेज ते घर." यात खोटं काही नव्हतं, वाटेत गॅरेज लागत होतं एवढंच.

बाहेर आलो तर गाडी ओळखू येईना. अण्णा उकिडवे बसले होते, शेजारी खोबरेल तेलाची वाटी, हातात जुन्या धोतराची चिंधी. तीन टायर काळेभोर चमकत होते, चौथा चालू होता.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. डाव्या पुढच्या चाकावरून एकदा चिंधी फिरवली, मान तिरपी करून न्याहाळलं आणि म्हणाले, "किल्ली आण. गाडी वीतभर पुढं घे. दात वर आलेत."