वाफ, बांगड्या आणि दुसरा घाणा

"काय गो, डाव्या हाताने फुलं काढतेस? देवाला चालतात का ती?"

गडग्यापलीकडून काकूंचा आवाज आला आणि मी समजले, अर्धा तास गेला. तशी रिकामीच होते म्हणा. घरात ऋषीच्या भाजीची चिराचिरी चालली होती, पण उजव्या हाताला मऊ फडकं, त्यामुळे मला कोणी विळीजवळ फिरकू देत नव्हतं.

"भाजलं हो काकू काल. मोदकपात्राचं झाकण उघडलं आणि वाफ थेट मनगट-कोपराच्या मधे."

"वाफच ना? मला वाटलं तेल उडालं की काय!"

हेच ते. वाफेला कोणी मोजतच नाही. काल मी स्वयंपाकघरभर नाचत होते आणि आमचे दहावीतले चिरंजीव मला सुप्त उष्णता शिकवायला पुढे. म्हणे उकळतं पाणी अंगावर पडून निवताना ग्रॅममागे 60-65 कॅलरी सोडतं, वाफ मात्र नुसती पाणी होतानाच 540 सोडते, आणि ती 60-65 त्यावर आणखी. गणित बरोबर असेल. एक धपाटा घातला असता, पण हात कुठे मोकळा होता!

"मग लावलंस काय?" काकू गडग्याला टेकल्या. म्हणजे आता सविस्तर सांगायला हवं.

गणपतीला घरात बावीस माणसं, आणि प्रत्येकाजवळ एक औषध. सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या, मोठे दीर टूथपेस्ट, धाकटी जाऊ फ्रीजमधला बर्फ. कोणी हळदीच्या डब्याकडे धावलं, कोणी गेल्या दिवाळीतलं बर्नॉल शोधायला कपाटात शिरलं. लहानपणी आमच्याकडे दौतीतली शाई ओतायचे. दौत असती तर कालही ओतली असती. एवढ्यात नणंदेची लेक उठली. मुंबईला नर्स आहे ती. "कोणी काही लावायचं नाही," म्हणाली, आणि मला दंडाला धरून न्हाणीतल्या नळाखाली उभी केली. "मामी, वीस मिनिटं. हलायचं नाही."

"पाणी? अगो, पाण्याने फोड येतो!"

काकूंचा हा मुद्दा आमच्याकडे सासूबाईंनी कालच मांडून झाला होता. फोड येतो तो भाजल्यामुळे, पाण्यामुळे नव्हे. गॅस बंद केल्यावरही भात आतल्या आत शिजत राहतो की नाही, तसं कातडीचं होतं. वरून तूप लावणं म्हणजे त्यावर झाकण ठेवणं. बर्फही नको, त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि भाजलेल्या कातडीला वर गारठ्याची इजा. साधं, वाहतं, नळाचं पाणी. तेव्हाच्या तेव्हा जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो, भाची म्हणाली. नळाला पाणी नसलं तर बादलीतून तांब्या तांब्या ओतत राहायचं.

सांगायला सोपं आहे. चतुर्थीच्या दुपारी, नैवेद्य खोळंबलेला असताना, सुनेने वीस मिनिटं नळाखाली उभं राहून दाखवावं! पाचव्या मिनिटाला आग थांबली असं वाटून हात काढला, तर दुप्पट भडकली. पुन्हा नळाखाली.

त्यातच भाची म्हणाली, "बांगड्या काढ." सासूबाई दारातच. सणाच्या दिवशी सवाष्णीचा हात मोकळा? "आजी, हात सुजला की याच रुतून बसतील, मग वाढवाव्या लागतील," असं तिने म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी स्वतः साबणाची वडी पुढे केली. नळाच्या धारेखाली, साबणाच्या फेसातून एकेक हिरवी बांगडी निघत होती, आणि प्रत्येक बांगडी दुखऱ्या जागेवरून जाताना माझ्या तोंडून काय निघत होतं ते गणपतीने ऐकलं नसेल तर बरं. पाचवी अडली ती अडलीच. शेवटी सासूबाईंनीच पाचही बोटं आवळून ती सरकन ओढली आणि लगेच माझ्या डाव्या हातात चढवली. हात मोकळा नाही राहिला एकूण.

"आणि मोदक?"

"दुसरा घाणा भाऊजींनी उतरवला."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. कारण प्रसादाचा मोदक त्यांच्याकडेही गेला होता. नाक गायब, सारण बाहेर.

"फोड आला असेल तर सुई तापवून हळूच..."

"नाही हो! तो फोडायचाच नाही. आपल्याच कातडीची पट्टी ती." वर धुतलेलं सुती फडकं, सैल. कापूस नको, तंतू चिकटतात. रात्री ठणका लागला तेव्हा पॅरासिटामॉलची एक गोळी, बस.

"आमच्या वेळी चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून लावायचे." काकू जरा दुखावल्या. "नाहीतर बटाटा."

बटाट्यावरून मला भाचीने सांगितलेलं आठवलं. मुंबईत डॉ. केसवानींनी बटाट्याची सालं खरंच भाजलेल्या जखमांवर वापरली होती, 1985 मध्ये त्यावर निबंधही लिहिला. पण ती उकडलेली सालं, पट्टीला चिकटवून निर्जंतुक केलेली. आपण किसून थापतो तसा कच्चा बटाटा नव्हे. पुढे सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरेंनी केळीच्या पानाच्या पट्ट्या केल्या. पान मेणचट, जखमेला चिकटत नाही, पट्टी बदलताना रोगी ओरडत नाही.

"बघ! केळ तर आपल्या विहिरीवर आहे," काकू वळल्यासुद्धा.

"काकू, निर्जंतुक केलेलं पान. तुमच्या केळीवर कावळे बसतात."

त्या थांबल्या. मग उगाच पायाकडे बघत म्हणाल्या, "तशी मला काही घाई नाही गो. माझं दुखत नाही."

"तुमचं काय दुखत नाही?"

नेसण वर करून त्यांनी घोटा दाखवला. चार दिवसांपूर्वी रात्री शेकायच्या रबरी पिशवीवर पाय ठेवून झोपल्या होत्या. उठल्या तेव्हा कळलं. खोबरेलाखाली रुपयाएवढा पांढुरका चट्टा, कडेने लाल. बोट लावलं तरी हूं की चूं नाही.

माझ्या पोटात गोळा आला. माझा फोड पाहून भाची हसली होती. तळहाताहून मोठं भाजलं असेल, तोंडावर किंवा सांध्यावर असेल तर डॉक्टर, नाहीतर घरीच बरं होईल, म्हणाली होती. आणि शेवटी उठता उठता: पांढरं पडलं आणि दुखतच नसलं तर जास्त भ्यायचं, आणि साखर असलेल्या माणसाच्या पायाला काहीही झालं तर थांबायचंच नाही.

काकूंची साखर बारा वर्षांची.

"भाचीला बोलावते," मी म्हटलं.

"आत्ता नको हो, भाजी शिजायची आहे. उद्या बघू."

"अगं ए," मी घराकडे तोंड करून ओरडले, "चपला घाल आणि गडग्याशी ये. भाऊजींना म्हणावं रिक्षा काढा!"

"कोण, ते मोदकवाले?" काकू म्हणाल्या. "मग मी चालतच जाते."