ऑइलाची सोयरीक

नांदेडहून लातूरकडं निघालं की लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठंही ट्रॅक्टरच्या गॅरेजवर थांबा. बाकड्यावर एक आप्पा बसलेले असतातच. गॅरेज त्यांचं नसतं, ट्रॅक्टरही बऱ्याचदा दुसऱ्याचाच असतो. पण मिस्त्रीनं ड्रेन प्लग ढिला केला की धारेखाली पहिलं बोट आप्पांचं. थेंब अंगठ्यावर चोळायचा, नाकाला लावायचा, क्षणभर आभाळाकडं बघायचं आणि निकाल द्यायचा, "कंपनी बदललीय यात. मिसळ झालीय."

या मिसळीची त्यांना भारी धास्ती. सोयरीक जुळवताना कूळ बघावं तसं ते डब्यावरचं नाव बघतात. सर्वोमध्ये मॅक पडलं, संपलं! एक पिवळसर, दुसरं तांबूस, म्हणजे पटणारच नाही. वास्तविक दोन्ही साधी खनिज तेलं असली, दोन्हींचा नंबर ९० आणि दर्जा जीएल-४ असला, तर हौसिंगमध्ये त्यांचं सहसा भांडण होत नाही. अडीअडचणीला लिटरभर दुसऱ्या कंपनीचं पडलं म्हणून क्राऊन-पिनियन रुसून बसत नाही. मिस्त्रीला हे ठाऊक आहे. पण आप्पा उधारी ठेवत नाहीत, म्हणून तोही मान डोलावतो.

गंमत पुढंच आहे. हेच आप्पा ९० मध्ये बिनदिक्कत १४० ओततात, वरून ट्रकच्या डिफरन्शियलचं उरलेलं जीएल-५ सुद्धा. कंपनी एकच ना! "घरातलंच आहे की," म्हणतात.

सुक्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरनं ही घरगुती व्यवस्था पुष्कळ दिवस सोसली. आता बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्या ऑइलातच बुडालेल्या असतात आणि हायड्रॉलिकचा पंपही बऱ्याचदा तेच ऑइल ओढतो. त्याला वेट ब्रेकचं ऑइल लागतं, कागदोपत्री यूटीटीओ. चकत्यांनी धरावं, पण थरथरू नये, एवढ्यासाठी त्यात वेगळी द्रव्यं घातलेली असतात. ती ट्रकच्या ऑइलात नसतात. उलट तापल्यावर त्यातलं गंधक पितळी बुश खाऊ शकतं.

आप्पांचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडं निघाला तेव्हा दर ब्रेकला असा कण्हला की पुढचा बैलगाडीवाला बैल सोडून खाली उतरला.

"मिस्त्री, आवाज येलालाय ओ."

"काय काय ओतलंत, आप्पा?"

"सगळं एकाच कंपनीचं!"

मिस्त्रीनं डिपस्टिक काढली. ऑइल दुधी झालेलं, म्हणजे आत पाणी. पावसाळ्यात काळ्या रानात ॲक्सल बुडेपर्यंत ट्रॅक्टर रुतला होता, सील तेव्हाच गेलं असणार. आप्पांनी मात्र दोष जावयाला दिला. त्यानं मागं एकदा उदगीरहून भलत्याच कंपनीचा डबा आणला होता.

सगळं काढून नवं भरायचं तर चाळीस-पन्नास लिटरचा मामला. निम्मंच बदलू, असं आप्पांनी सुचवलं. जुनं मुरलेलं असतं, ते एकदम काढलं तर गिअरला सोसत नाही. मिस्त्री या वेळी मात्र हटला नाही. ट्रॅक्टरची पुस्तिका आणा म्हणाला, त्यात कोणतं ऑइल ते छापलेलं असतं. पुस्तिका घरी देवघरात होती, आल्या दिवसापासून हळदकुंकू लावून. उघडली कुणीच नव्हती.

शेवटी दोघं नांदेडला दुकानात गेले. पुस्तिकेतलं ऑइल तीन कंपन्यांचं होतं, तिन्ही चालणारी. मिस्त्री सुटल्यासारखा हसला. आप्पांनी तिन्ही बादल्यांची झाकणं दाबून बघितली, कड्या ओढून बघितल्या आणि आपल्या नेहमीच्या कंपनीवर हात ठेवला. तिच्यावर एवढा जीव का, हे मिस्त्रीनं आजवर विचारलं नव्हतं.

"२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं बघा लातूरला," आप्पा म्हणाले. "त्या उन्हाळ्यात टँकरवर बाकी सगळ्यांच्या बादल्या फुटल्या. हिची कडीसुद्धा निघाली नाही."