चौदा दात

माझ्या खिशातल्या चाकूला चौदा दात आहेत. आईला सहा. या दोन आकड्यांचा एकमेकांशी कधी संबंध येईल असं चाकू घेताना वाटलं नव्हतं.

घेताना डोक्यात दरी होती. कुणीतरी कड्यावर लोंबकळतंय, दोर अडकलाय, बाकीचे रडकुंडीला आलेत आणि मी शांतपणे खिशात हात घालतोय, असं ते दृश्य. लोंबकळणाऱ्या माणसाचा दोर कापून त्याचं नेमकं काय भलं होणार, असं बायकोने विचारलं. या गोष्टीला चार वर्षं झाली, मी अजून उत्तर शोधतोय.

दुकानदार मात्र माझ्याच बाजूचा निघाला. म्हणाला, "साधी धार सगळेच घेतात साहेब. हा बघा, पुढे साधा, मुठीजवळ दातेरी. दोरी म्हणा, सीटबेल्ट म्हणा, एका झटक्यात." माझ्याकडे स्कूटर आहे. तरी सीटबेल्ट म्हटल्यावर मी विरघळलो. साध्या धारेचा चाकू निम्म्या किमतीत शेजारीच पडला होता. त्याच्याकडे मी, पहिल्या वर्गाच्या डब्यातून दुसऱ्या वर्गाकडे बघतात तसं बघितलं.

तेव्हापासून या शस्त्राने कुरिअरची खोकी फोडली, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे उडवले आणि एकदा सोसायटीच्या सत्यनारायणाला हाराचा दोरा कापला. हाराच्या वेळी मी गरज नसताना चाकू एका हाताने उघडून दाखवला. गुरुजी दोन पावलं मागे सरकले.

दातांवर अन्याय मात्र करायचा नाही. त्यांचं काम ते चोख करतात. गॅलरीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बदलायची होती, तेव्हा पुढच्या साध्या धारेने मी बराच वेळ तिला नुसतं गुळगुळीत करत बसलो होतो. पातं मागे ओढून दात टेकवले आणि खर्रकन दोन तुकडे. दाबाचा सगळा जोर टोकांवर एकवटतो, टोकं आधी रुततात आणि मधल्या खाचा उरलेलं काम ओढून पुरं करतात. म्हणूनच पिकल्या टोमॅटोची साल दातांपुढे लगेच शरण येते आणि बोथट साध्या सुरीखाली टोमॅटो नुसता चेंगरतो. शिवाय खाचा फळीला टेकत नाहीत, त्यामुळे त्यांची धार पुष्कळ टिकते. साध्या पात्याला दर पंधरा दिवसांनी निसण्यावर घासावं लागतं, दातेरी पातं वर्ष वर्ष तक्रार करत नाही. पुढे तक्रार करतं तेव्हा मात्र ऐकून घेणारा कुणी भेटत नाही. ते नंतर येईलच.

आता दुसरी बाजू. एकदा गाडीत समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "चाकू आहे का हो कुणाकडे?" हा प्रश्न ऐकायलाच मी जन्माला आलो होतो. चाकू उघडून, मूठ त्यांच्याकडे करून अदबीने दिला. त्यांनी पिशवीतून हापूस काढला. मुठीजवळ जोर चांगला मिळतो म्हणून सगळ्यांचा हात तिथेच जातो आणि माझ्या चाकूचे दात नेमके तिथेच. दोन मिनिटांत आंब्याची साल लोंबायला लागली, रस कोपरापर्यंत आला. आजींनी पातं रुमालाला नीट पुसून परत दिलं. "छान आहे हो," म्हणाल्या, "लाकडं कापायला." मग आंबा हातात माचवून, देठ काढून, चोखून खाल्ला.

त्या रात्री मी स्वित्झर्लंडच्या लष्कराचा आधार घेतला. त्यांनी सैनिकाच्या चाकूचा पहिला नमुना ठरवला 1890 मध्ये. पातं, डबा फोडायचं अवजार, बंदूक खोलायला पेचकस आणि भोकं पाडायला आरी. पहिली खेप तर जर्मनीतल्या सोलिंगेनहून करून आणावी लागली, कारण एवढे चाकू बनवण्याची ताकद स्विस कारागिरांत तेव्हा नव्हती. पातं अर्थात साधं. ते शंभराहून जास्त वर्षं साधंच राहिलं आणि 2008 च्या नव्या नमुन्यात त्याला दात आले. वाचून मला भरून आलं. जगातलं एवढं शिस्तीचं लष्कर अखेर माझ्या मताला आलं! बायको म्हणाली, "ते लढले कधी शेवटचे?" परदेशात म्हणाल तर 1815 मध्ये. म्हणजे दात आले ते पावासाठीच असणार, हा तिचा निष्कर्ष. तो खोडायला माझ्याजवळ पुरावा नाही.

आणि दातांचं कौतुक आपल्याला कोण सांगणार? कोकणात भातकापणीचा दातेरी विळा आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' विळा दातेरीच. पण खरी कमाल आपल्या विळीची. थोडं विषयांतर होतंय, होऊ द्या. विळीबद्दल मी थोडक्यात बोलू शकत नाही.

मालवणीत आडाळो, गोव्यात आदोळी, बंगालात बोटी, सगळी एकाच घराण्यातली. जगभर पदार्थ पडून राहतो आणि चाकू हलतो. विळी मात्र ठाण मांडून बसते, पदार्थाने तिच्याकडे जायचं. पाटावर पाय दाबून बसलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे. अख्खा फणस असो नाहीतर चवळीच्या शेंगांची जुडी, दोन्ही हातांनी धरून पात्यावर ढकलायची. आणि टोकाला बघा काय आहे? खवणी! गोल, फण्यासारखी, दातेरी. म्हणजे अर्धं साधं आणि अर्धं दातेरी हे 'टू इन वन' आमच्या स्वयंपाकघरात कधीचं पाटावर बसून आहे. घडीच्या विळीत तर पातं मिटतंसुद्धा. खिशात मावत नाही एवढंच. पण ज्या कुणी लोहाराने ती पहिल्यांदा घडवली, त्याने एक शहाणपण केलं. दात आणि धार एकत्र कालवले नाहीत. दात पार टोकाला, नारळापुरते. खाली वीतभर पातं निखळ. भोपळा चिरताना कुणाचा हात चुकून खवणीत गेलाय, असं होत नाही. चाकू करणाऱ्यांनी मात्र तीन इंचांच्या पात्यात दोन बिऱ्हाडं घातली. तासायला जेवढी धार लागते तेवढी उरली नाही, जाड दोर ओढून कापायला जेवढे दात लागतात तेवढेही नाहीत. एकत्र कुटुंबात नव्या जोडप्याला स्वयंपाकघराच्या माळ्यावर झोपवतात, तसं काहीसं.

गेल्या खंडेनवमीला मी हा चाकू पूजेच्या पाटावर विळीशेजारी ठेवला. आईने हळदकुंकू वाहिलं विळीला, कात्रीला, माझ्या पेचकसाला. चाकूपाशी थांबली. "अवजारं पुजायची रे बाबू," म्हणाली, "खेळणी नाही." पण मग त्यालाही बोट लावलं, मुलाचं मन मोडायला नको म्हणून.

नंतर पावसाळ्यात आईचे दात भराभर गेले. कवळी तिला सोसत नाही, पाण्याच्या वाटीत पडून असते. पेरूची हौस मात्र शाबूत. सहा दातांना पेरू झेपायचा तर बिया काढून, कागदासारखी पातळ फोड हवी. मी अर्थातच खिशात हात घातला. चाकूचे दात एकाच बाजूने घासलेले असतात, त्यामुळे कापताना पातं हळूच एका अंगाला सरकतं. फोडी झाल्या त्या वरून पातळ, खाली बोटाएवढ्या जाड, अंगावर रेघा. आईने एक तोंडात घातली, घोळवली, बराच वेळ घोळवली आणि तळहातावर परत काढली. काही बोलली नाही. एरवी ती चार शब्द सुनावते, तेव्हा मला बरं वाटतं.

मग म्हणाली, "विळी काढ."

विळी ओट्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या गुडघ्यांनी खाली बसणं बंद केल्याला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत, खंडेनवमी सोडली तर, विळी कुठे आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. छप्पन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा विळीवर बसलो. कॉटवरून सूचना येत होत्या. "पाय पाटावर दाब. एक गुडघा वर. पेरू तुझ्याकडे नाही ओढायचा, पुढे ढकल. घाबरतोस काय, ती काय उठून येणार आहे अंगावर?" पात्याच्या मधोमध खोलगट झिजलेली जागा होती. चाळीसेक वर्षांच्या भाज्या तिथूनच गेल्या असणार, कारण हात आपोआप तिथेच जात होता. अंगठा थोडा कापला. फोड मात्र अशी निघाली की तिच्यातून ट्यूबलाइट दिसली.

धार थोडी गेली होती. रविवारी खाली सायकलवरच्या धारवाल्याची हाळी ऐकू आली तेव्हा मी विळी आणि चाकू दोन्ही घेऊन उतरलो. त्याने पेडल मारून चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या, विळी दहा मिनिटांत तयार. चाळीस रुपये. मग चाकू हातात घेतला, उन्हात धरला, अंगठ्याने एकेक दात चाचपला. "काका, याच्या एकेका खाचेत बारीक कानस घालून घासावं लागेल. माझं चाक तिथे जात नाही. म्हणाल तर सगळे दात घासून सपाट करतो. वीस रुपये."

नको म्हणालो. का, ते मलाही सांगता यायचं नाही. चार वर्षं खिशात वागवलेली दरी वीस रुपयांत सपाट होऊ द्यायची, एवढा काही मी मोठा झालेलो नाही.

तेव्हा तुम्ही घेणार असाल तर साधी धार घ्या, आणि पावासाठी वेगळी लांब दातेरी सुरी. आणि तुमच्या ओळखीत दातांना धार लावून देणारा कुणी असेल, तर जरूर कळवा. चौदा आहेत.