छिन्नीबहाद्दरांस खुले पत्र

सन्माननीय मिस्तरी भाऊ,

पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर सावदा, फैजपूर, निंभोऱ्यापर्यंतचे तुमचे सगळे व्यवसायबंधू ‘आपल्याला थोडंच म्हटलंय’ म्हणत निर्धास्त झाले असते. त्यांना निर्धास्त करण्याचा माझा इरादा नाही.

आधी अभिनंदन. माझ्या गाडीच्या इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट मागच्या खेपेला तुम्ही ज्या जोरानं आवळलात, तेवढ्या जोरात हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी एखादा भर पुरात बंद ठेवता आला असता. पान्याला हातभर पाइप जोडून, वर पाय देऊन! त्या बोल्टाचं काम काय, तर लिटरभर तेल आत ठेवणं. गळती रोखतो तो खालचा चार पैशांचा वायसर, आणि तो गाडी शोरूममधून निघाल्यापासून तुम्ही बदललेला नाही. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. दोघांची कुस्ती लावल्यावर कोण चितपट होणार हे सांगायला पंच लागत नाही. बोल्ट बाहेर आला तो कवचाचे आटे अंगाला गुंडाळूनच. ‘आटे गेले भो,’ तुम्ही हळहळलात. जणू ते आपण होऊन ओंकारेश्वराच्या दर्शनाला निघून गेले! मग जाडा बोल्ट, नवे आटे पाडायची मजुरी, आणि ‘इंजिन खोलावं लागलं नाही, नशीब समजा’ हा आशीर्वाद तेवढा फुकट.

माझ्या लक्षात यायला उशीर झाला. बोल्ट तुम्ही आवळता तो तेल गळू नये म्हणून नाही, मालकाला उघडता येऊ नये म्हणून. तुमच्या धंद्याचं कुलूप तेच.

चेनचीही तीच तऱ्हा. चेन वाजते म्हटलं की तुम्ही छिन्नी घेता, ॲडजस्टरच्या नटावर ठोके घालता आणि चेन अशी ताणून देता की बोटानं छेडली तर सूर निघावा. गाडी तेव्हा रिकामी, डबल स्टँडवर असते. पण रावेर तालुक्यात रिकामी गाडी पळते कुठं? मागं 45 किलोची युरियाची गोणी, पुढं टाकीवर फवारणीचा पंप, मधे मालक. एवढं वजन बसलं की शॉकअप दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून तर चेनला मधोमध वर-खाली दोन-अडीच सेंटीमीटर खेळ ठेवायचा असतो. खेळच नसला की एकीकडून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि दुसरीकडून चाकाचं बेअरिंग ओढलं जातं, आणि यथावकाश ती दोन्ही कामं तुमच्याच दारात येतात. योगायोग किती शिस्तीचा! चेनकव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून आत बोट घातलं की खेळ कळतो. स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना खुणा असतात, दोन्हीकडे सारख्या ठेवल्या की चाक सरळ बसतं. तुमच्याकडे चाक नजरेनं सरळ होतं. नजर अर्थात रस्त्यानं कोण चाललंय तिकडे.

पण तुमची खरी कमाल वेगळीच आहे. तुमचं गिऱ्हाईक कोण? केळीवाला. ठिबकचा सँड फिल्टर उलट्या प्रवाहानं स्वतः धुणारा. नळ्यांत क्षार बसले की ॲसिड मोजून सोडणारा, विद्राव्य खताचे डोस तोंडपाठ असलेला. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीत आली की बॅटरीच्या उजेडात स्टार्टर खोलून बसणारा. हाच माणूस गाडीचा एअर फिल्टर बघायचा म्हटलं की तुमच्या दुकानापुढच्या बाकड्यावर मुकाट चहा पीत बसतो. पाण्याचा फिल्टर आपल्याला कळतो, हवेचा कळत नाही, ही त्याची समजूत कोणी करून दिली? ‘गाडीत हात घालू नको भो, सेटिंग बिघडेल,’ हे तुमचंच वाक्य. कोणती सेटिंग, कुठली सेटिंग, हे विचारणारा माणूस तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

बरं, त्या फिल्टरचं तुम्ही काय करता? बऱ्याच नव्या गाड्यांत तेलात भिजवलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो, फुंकायचाही नसतो. मुदत भरली की बदलायचा असतो. तुम्ही त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारता, धुळीचा एक झकास ढग उडतो, गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं आणि हिशेबात ‘फिल्टर साफ’ चढतं. मग बागांमधल्या गाडरस्त्याची धूळ बिनदिक्कत सिलिंडरात जाते. बोअर घासला की पुन्हा भेटूच!

दोष एकट्या तुमचा नाही म्हणा. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली तेव्हा तिची जाहिरातच होती की पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. कंपनीला मायलेज सांगायचं होतं. आमच्या वडलांच्या पिढीनं त्यातलं ‘विसरून जा’ तेवढं मनावर घेतलं. त्याआधीचा राजदूतवाला प्लगपाना खिशात घालून फिरायचा. पालच्या चढावर गाडी फडफडली की खाली उतरून प्लग काढायचा, पुसायचा, लावायचा आणि पुढं निघायचा. त्याला तुम्ही सेटिंगची भीती घालून दाखवायची होती.

तुमची बिरादरी सातासमुद्रापार आहे, हेही कळवतो. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या 1974 च्या पुस्तकात निवेदक आपली गाडी गॅरेजला टाकतो. तिथली पोरं रेडिओ लावून छिन्नी-हातोडीनं कव्हर उडवतात, इंजिनाच्या पात्या तोडतात, आणि शेवटी दोष निघतो तेलाच्या वाटेवरच्या 25 सेंटच्या एका पिनेत. त्यांच्याकडे रेडिओ होता, तुमच्याकडे ब्लूटूथचा स्पीकर. बाकी परंपरा अखंड.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. क्लचप्लेटा, टायमिंग चेन, बोअर-पिस्टन ही कामं घरच्या ओट्यावर होत नाहीत. त्याला बसलेला हात लागतो, आणि तुमच्यातल्या काहींचा तो खरोखर बसलेला आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-सहा गाड्या आल्या, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. त्या वायरिंगमध्ये मालकानं बोटं घालू नयेत. स्कॅनर नसेल तर तुम्हीही घालू नयेत. अशा कामाची मजुरी मी कुरकुर न करता देईन.

पण हवा, चेन, तेल, क्लचची केबल आणि मागचा ब्रेक आता माझ्याकडे. ब्रेकच्या ड्रमवर बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेला भिडला की लायनर संपला, एवढं तर चौथीतलं पोरही सांगेल. मागच्या टायरात एकट्याला 28 पॉइंट, डबलसीटला 41, असं स्प्लेंडरच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. तुमच्याकडे गाडी कोणतीही असो, माणसं कितीही बसोत, ‘तीस मार!’ तीच पुस्तिका 6,000 किलोमीटरला तेल बदला, मधे 3,000 ला पातळी बघून भर घाला म्हणते. तुमचा स्टिकर 2,000 चा. आमच्या भागातली धूळ बघता तेल लवकर बदलणं वाईट नाही, पण धुळीचा हिशेब मला करू द्या. आणि काढलेलं काळं तेल दुकानामागच्या गटारात ओतू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि तुमचं गटार नाल्याला, नाला तापीला मिळतो.

राहता राहिलं बिल. तुमचं बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटामागचा एक आकडा आणि त्याखाली दोन रेघा. त्यात वायसर किती, मजुरी किती आणि माझा भोळेपणा किती, हे ब्रह्मदेवालाही सोडवता यायचं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. घाबरू नका, मी तिकडे जाणार नाही. केळी कापणीला आली आहे, तारखा करायला वेळ कोणाला आहे?

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्या गिऱ्हाइकांनो, तुम्हाला मात्र एक विनंती. पुढच्या खेपेला गाडी टाकाल तेव्हा काम काय करायचं ते आधी कागदावर लिहून द्या, आणि गाडी उचलताना सुटंसुटं लिहिलेलं बिल आणि बदललेले जुने पार्ट मागून घ्या. मिस्तरी पार्ट देत नसेल, तर पैसे देऊ नका.

आपलं,
एक जुनं गिऱ्हाईक, रावेर