ॲव्हरेज वाढवणारे यंत्र : बसवण्याची व मोजण्याची रीत

प्रथम यंत्राची निवड. पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक मिळतात, टाकीत टाकायच्या गोळ्या मिळतात, सिगारेट लायटरच्या जागी खुपसायची कांडी मिळते, आणि बॉनेटखाली पाण्याचा हायड्रोजन करणारा खटाटोपही मिळतो. (पाणी फोडायला वीज लागते, वीज अल्टरनेटरकडून येते आणि अल्टरनेटर पेट्रोलवर फिरतो. पण इतक्या खोलात शिरू नये.) नवशिक्याने स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात बसणारी डबी घ्यावी. तिला दिवा असतो.

डबी उघडू नये. ज्यांनी अशा डब्या उघडल्या, त्यांना आत एक चिप, चार-दोन रेझिस्टर आणि लुकलुकणारे एलईडी सापडले. गाडीच्या संगणकाशी बोलणारी तार सापडली नाही. पाहून मन खट्टू होते, आणि खट्टू मनाला ॲव्हरेज मिळत नाही.

गाडीची चाल ओळखायला डबीला दोनशे किलोमीटर लागतात, असे खोक्यावर लिहिलेले असते. धीर धरावा. रोज वीस किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्याचे दोनशे किलोमीटर दहा दिवसांनी भरतात. माल परत करायची मुदत बहुधा सातव्या दिवशीच संपलेली असते.

या काळात किरकोळ कामे उरकावीत. ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकरवर लिहिलेली असते तेवढी हवा टायरांत भरावी. एअर फिल्टर झटकावा, गेल्या गणपतीपासून डिकीत पडून असलेले सामान उतरवावे. ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबावा, कारण यंत्र नवे आहे. सिग्नलला इंजिन बंद करावे, एक्स्प्रेसवेवर काटा ऐंशीच्या वर जाऊ देऊ नये. यातले काहीही हिशेबात धरायचे नाही.

आता मोजणी. इथे बहुतेक जण चुकतात आणि उगाच यंत्राला नावे ठेवतात. यंत्र लावण्याआधीचे ॲव्हरेज मुंबईहून पुण्याला येताना काढावे, लावल्यानंतरचे पुण्याहून मुंबईला जाताना. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येताना इंजिन घाटात धापा टाकते. जाताना गिअरमध्ये गाडी ठेवून पाय उचलला की आजकालच्या गाड्यांत इंजेक्टर पेट्रोल सोडणेच थांबवतो. डॅशबोर्डवरचा आकडा तेव्हा जो काही होतो, त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा.

ज्यांना मुंबईला काम नाही त्यांनी पंपावर मोजावे. टाकी ऑटो-कटपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, पंचाहत्तर किलोमीटर हिंडून पुन्हा भरावी. पाच लिटर बसले तर ॲव्हरेज पंधरा. पंधरा पसंत नसेल तर दुसऱ्या पंपावर जावे. जमिनीला थोडा उतार असला, नोझल लवकर बंद झाला, तर चारच लिटर बसते आणि ॲव्हरेज पावणेएकोणीस होते. पंचवीस टक्के वाढ! पाचशे किलोमीटर चालवून तीस-पस्तीस लिटरवर हिशेब केला, तर ती एका लिटरची गंमत त्यात विरून जाते. म्हणून लांबलचक मोजणी टाळावी.

पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आहे, तिकडे चुकूनही वळू नये. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे पळवतात आणि धुरातल्या कार्बनवरून पेट्रोल मोजतात. ड्रायव्हरच्या श्रद्धेला वावच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभराहून अधिक यंत्रे तपासली. बहुतेकांनी काहीच वाचवले नाही, मोजक्यांनी नाममात्र वाचवले, आणि त्यातल्याही काहींनी धूर वाढवला. तपासणीला सामोरे गेल्याने माणसाचेही भले होत नाही. तामिळनाडूच्या रामर पिल्लईंनी 1996 साली वनस्पतीपासून पेट्रोल केल्याचा दावा केला. ते शास्त्रज्ञांसमोर प्रयोग करायला गेले तिथेच घोटाळा झाला, आणि 2016 साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. आपण मोजणी घरच्या घरीच करावी.

एखादा मेव्हणा विचारील, पाचशे रुपयांत पस्तीस टक्के वाचत असतील तर गाडीच्या कंपन्या पेट्रोल वाचवायला हायब्रिडच्या बॅटऱ्या कशाला बसवतात? हा मेव्हणा मागच्या सीटवर बसत असल्यास त्याचे वजन साधारण सत्तर किलो धरावे आणि ॲव्हरेजसाठी त्याला घरीच ठेवावे.

गाडी सर्व्हिसिंगला देताना डबी काढून खिशात घालावी, नाहीतर मेकॅनिक हसतो. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तरीही काढावी. ओबीडी सॉकेटला चावी काढल्यावरही वीज मिळत राहते, आणि तो दिवा रात्रंदिवस आपल्याच बॅटरीवर लुकलुकतो.