पाचवा गिअर

दारात जुनी गाडी असली की माणूस आपोआप खानदानी दिसतो, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच चढावर मोडली. मोडताना आवाजही झाला, खर्रर्र!

आप्पांची महिंद्रा पिकअप. पुढे जीपचं तोंड, मागे हौदा आणि पोटात टी-नाइन्टी नावाचा तीन गिअरचा डबा. दुसऱ्या-तिसऱ्याला वेग आपोआप जुळवणारं सिंक्रोमेश, पहिल्याला नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा, मग दांडा ढकलायचा. आतल्या चाकांचा वेग जुळला तर गिअर गुपचूप पडतो. नाही जुळला तर गल्लीला कळतं. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं, पण आमच्या पहिल्या गिअरला कुणी निरोपच दिला नव्हता. आप्पा तोंडात पान ठेवून, बोलणं न तोडता बरोबर समेवर येत. मी दर वेळी अर्धी मात्रा मागे. हा खेळ पायाचा नाहीच हो, कानाचा आहे. इंजिनाचा सूर उतरला की त्यांचा पाय आपसूक हलायचा. माझा पाय आधी माझ्याकडे बघायचा.

चौकातली पोरं हसली. मी थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. घरी सांगितलं, पेट्रोल वाचेल.

बोलेरोचा पाच गिअरचा डबा आणला. मिस्त्री म्हणाला, "बसतोय की साहेब! फक्त काहीच जुळत नाही." बेल हाउसिंगची भोकं वेगळी, क्लचप्लेटचे दाते वेगळे, डब्याची लांबी जास्त. टर्नरने मधली जाड प्लेट कापली, फ्लायव्हीलमधला बुश नवा केला, प्रपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स केला. आठवड्याच्या कामाला अडीच महिने लागले. माझ्या अब्रूची किंमत तेव्हा कळली, पावतीसकट.

गाडी हाती आली त्या संध्याकाळी घराच्या चढावर पहिला टाकला. हूं की चूं नाही. वर पोहोचलो तर आई दारात, हातात पाण्याचा तांब्या.

"तू होय," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

त्या चढावर गिअरचा आवाज न करता फक्त आप्पांची गाडी यायची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पैसे मोजून आणलेल्या त्या सफाईची मला इतकी चीड आली, की मी बराच वेळ गाडीतच बसून राहिलो.

जुना डबा पडवीत आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दिला नाही. घर ते बाजार चार किलोमीटर, वाटेत नऊ स्पीडब्रेकर. पाचवा गिअर अजून एकदाही पडलेला नाही.